अकरा पुंगळ्या

हट्टी ऑर्लोस,

डॅडींनी जाताना रायफल तुला दिली आणि साचे मला. तिची काडतुसं दुकानात कधीच मिळेनाशी झाली. दुसऱ्या रायफलच्या रिकाम्या पुंगळ्या साच्यात दाबूनच ती घडवावी लागतात. तू साचे मागितलेस, मी दिले नाहीत. सहा वर्षं अबोला! तुझी रायफल खुंटीवर, माझे साचे डब्यात.

परवा मी घडवायला बसले. पहिल्या तीन वाया गेल्या. तेल जास्त झालं की पुंगळीच्या खांद्याला खळगा पडतो. "व्हर्ने, पुंगळी आहे ती, पाव नाही लोणी थापायला!" हे डॅडींचं ओरडणं आठवून एकटीच हसले. चौथी तर साच्यात रुतूनच बसली. माझा नवरा म्हणाला, "शिव्या कुणाला चालल्यात? पुंगळीला की ऑर्लोला?"

"दोघांनाही. दोघं सारखेच, जागचे हलत नाहीत."

शेवटी अकरा जमल्या. बुडावरचा शिक्का त्या दुसऱ्या रायफलचाच आहे, पण घाट तुझ्या रायफलचा. बसतात की नाही ते मात्र तिच्यात घालूनच कळेल, म्हणून शनिवारी मी येतेय. हे पत्र पोस्टात टाकणार नाही, तुझ्या हातातच देईन. टाकलं तर तू घराला कुलूप घालून डोंगरात पळशील.

एक कधी सांगितलं नाही. साचे डॅडींकडून मीच मागून घेतले होते. म्हटलं, निदान काडतुसांसाठी तरी येत राहशील.

तुझ्याहून हट्टी,
व्हर्ना