बिनलसणाचा डंका

१८ मार्च, मंगळवार

मसाला कांडायचा छोटा डंका विकला. मला कधी सांगितलं? टेम्पोत चढवून दोर आवळल्यावर. संतोष म्हणतो, "आई, तू झोपली होतीस." दुपारी डोळा लागला म्हणजे मी मेले का?

ॲपवाल्यांचा हप्ता द्यायचा होता म्हणे. लोकांनी मोबाईलवर बोट दाबायचं, आपण त्यांच्या घरून मिरची उचलायची, मसाला कांडून पोचवायचा. त्याला साडेचार लाख. नुसतं कसं दिसेल ते चितारायचे वेगळे, आयफोनचे वेगळे, वर दर साल सांभाळायचे वेगळे. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली नोकरी सुटल्यावर ह्यांनी दोन डंके घेतले. ते गेले, डंके कांडत राहिले. मशीनच्या पट्ट्याशिवाय काय मागितलं डंक्यांनी कधी?

मोठ्यात कांदा-लसणाचा मसाला. छोट्यात लसूण कधी पडलाच नाही. सोवळ्यातली, माळकरी, जैन घरं त्या छोट्याच्या भरवशावर येतात. आता या म्हणावं!

२० मार्च

ॲपवाली पोरगी आली होती, तेजश्री. ऑफिस गंगापूर रोडला. चहा बिनसाखरेचा. पोरगी वाईट नाही. तिच्याच तोंडून कळलं — "आजी, मी संतोष सरांना म्हटलं होतं, दोन मशीन आहेत तर दोन रांगा ठेवू. पण त्यात काम वाढतं, पैसे वाढतात. ते म्हणाले, मग एकच मशीन धरा."

म्हणजे डंका विकून पैसे आले, आणि विकला म्हणून ॲपही स्वस्त पडलं. काय डोकं निपजलंय माझ्या पोटी.

बिनलसणाचं काय करणार, संतोषला विचारलं. "मधे जाडं मीठ कुटू, पुसून घेऊ. कुणाला कळतंय?"

२९ मार्च

पाय सुजलेत. लिहवत नाही.

२ एप्रिल

ॲप चालू झालं. तक्रारीसाठी नंबर कुणाचा टाकला? माझा! माणूस ठेवला तर पगार द्यावा लागतो. आई फुकट. "तू घरीच असतेस ना."

सकाळपासून कानाला फोन. एक बाई म्हणते, माझा मसाला कुठवर आला? म्हटलं, मिरची अजून गच्चीवर उन्हात आहे, तुम्हीपण या.

कंटाळा आलाय.

७ एप्रिल, सोमवार

सरोजिनीबाईंचा फोन. जुनं गिऱ्हाईक, घरात लसूण चढत नाही. दर साली स्वतः यायच्या, छोट्यासमोर स्टुलावर बसायच्या, मसाला चाळून हातात पडेपर्यंत उठायच्या नाहीत. यंदा गुडघे धरलेत, म्हणून ॲपवरून दिला.

काल रामनवमी. नैवेद्याच्या आमटीला उकळी आली नि घरभर लसूण. पानं मांडलेली होती. सगळी आमटी ओतून दिली. बाईंचा आवाज चढला नाही. एवढंच म्हणाल्या, "मैनाबाई, तुम्ही आहात म्हणून मी समोर बसले नाही."

फोन ठेवला नि तशीच उठले. 

संतोषला सांगितलं. मोबाईलमधून मान वर नाही. "सॉरी म्हण ना. पैसे परत टाकतो."

८ एप्रिल

तेजश्रीला मीच फोन लावला. ॲपमधलं कांदा-लसणाचं बटण काढ म्हटलं. ती बिचकली — "सरांना विचारू का?" डंक्याचं लायसन कुणाच्या नावावर आहे, पोरी? काढायचे किती घेशील? "काही नाही आजी, मिनिटाचं काम आहे." घालायला लाख, काढायला फुकट.

छोटा परत येऊन जागेवर बसेपर्यंत मोठ्यात लसूण बंद. किल्ली माझ्या कमरेला.

रुपयात बारा आणे गिऱ्हाईक लसणाचं. दुपारपासून फोन बोंबलतोय. तो संतोषनेच उचलायचा. माझ्यासमोर, सरोजिनीबाईंच्या स्टुलावर बसून.