जाईन तर रेल्वेनेच

१ फेब्रुवारी, सकाळी १०.४०
आज बजेट. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. बसायचं टीव्हीसमोरच, पण समितीच्या अध्यक्षाने तयारीत असावं. पत्रकाराचा फोन कधीही येतो. वही, दोन पेनं, कॅल्क्युलेटर. अंदाज: खोरवाडीचा थांबा आजच जाहीर होईल. फार तर परवा.

दुपारी १.३०
भाषणात 'रेल्वे' किती वेळा येतं ते टिपत होतो. पाचवी रेघ मारली आणि लाईट गेली. पूर्वी रेल्वेचं बजेट वेगळं असायचं, अर्धा दिवस नुसत्या नव्या गाड्यांची नावं. ऐकूनच प्रवास झाल्यासारखं वाटायचं. आता सगळं एका भांड्यात शिजवतात.
पत्रकाराचा फोन नाही. बायकोचा आला, शकुंतलेचा. विचारत होती, जेवलात का. म्हटलं, बजेटच्या दिवशी हा काय प्रश्न झाला?
(जेवलो नव्हतो. खिचडी करपली.)

३ फेब्रुवारी
मागचं थोडं लिहून ठेवतो. पुढे समितीचा इतिहास लिहायला लागेल.
मी नारायण, पंचायत समितीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर. लॉकडाऊनपासून आमच्या खोरवाडी स्टेशनात एकही गाडी थांबत नाही. साताऱ्याकडून येतात, धुरळा उडवतात, सांगलीकडे जातात. म्हणून कृती समिती काढली. मी अध्यक्ष, स्टेशनबाहेरचा चहावाला आकाराम उपाध्यक्ष. बाकीची पदं रिक्त आहेत.
गेल्या मार्चात शकुंतला लेकीच्या, म्हणजे अपूर्वाच्या, बाळंतपणाला सांगलीला गेली. ९ एप्रिलला नात झाली, ओवी. १५ तारखेला समितीच्या बोर्डाचं अनावरण होतं. लोक जमलेले, हातात माईक. एखादी प्रतिज्ञा करावी असं मनात होतंच. चप्पल सोडणार होतो, पण शुगरमुळे डॉक्टर नको म्हणाले. मग ऐन वेळी तोंडातून गेलं, सांगलीला जाईन तर रेल्वेनेच, तेही खोरवाडीतून. तोवर एसटीची पायरी चढणार नाही! काय टाळ्या पडल्या! पेपरात फोटोसकट आलं. कात्रण लॅमिनेट केलंय.
बारसं २० तारखेला होतं. पाच दिवस हातात होते. रेल्वेला पुरतील असा माझा अंदाज होता.
बारसं झालं. उष्टावणही झालं. अपूर्वा नोकरीवर रुजू झाली, ओवीला शकुंतला सांभाळते. मला न्यायला या असं एकदाही म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.
आता लक्ष्य ९ एप्रिल. पहिला वाढदिवस. मी असणार म्हणजे असणार. बारशाला आणलेले चांदीचे वाळे कपाटात आहेत. दर रविवारी पुसतो.
संकल्प: उद्यापासून चहात साखर बंद.

७ फेब्रुवारी
विजय! रेल्वेच्या कामांची यादी मोबाईलवर उतरवून घेतली. तीनशे पानं, अक्षर मुंगीएवढं. डोळे चुरचुरले, पण सापडलं. वाई–खोरवाडी–शिराळा नवा मार्ग, सर्वेक्षण. माझीच मागणी! तरतूद: एक हजार.
आधी वाटलं, हजार कोटी. मग वाटलं, हजार लाख. वरची टीप वाचली. रुपये एक हजार फक्त.
पण मी छत्तीस वर्षं ऑफिसात काढलीत. एकदा हेड उघडलं की झालं. पैसे काय, येत राहतात. आकारामला पेढा दिला. तो म्हणाला, आवं भाऊसाहेब, हजारात माझ्या टपरीचा पत्राबी येत न्हाई, शिराळ्यापतूर रूळ कसं न्ह्यायचं? बिचाऱ्याला शासकीय लेखाशीर्ष कळत नाही.
पेढा असल्यामुळे चहात साखर चालते.

१२ फेब्रुवारी
दिल्लीला चौदा पानी निवेदन पाठवलं. विषय: देशातील प्रवासी रेल्वेचा विस्तार व त्यासाठी निधी उभारणी. मुख्य सूचना: लग्नातल्या डीजेवर सेस. नुसत्या आपल्या जिल्ह्यातल्या डीजेवर खोरवाडीला चार प्लॅटफॉर्म होतील. सगळ्या देशाचा हिशोब कॅल्क्युलेटरवर मावेना. शेवटच्या पानावर थांब्याचा विषय घातला, ९ एप्रिलपूर्वी, असं अधोरेखित करून.
पोस्टातल्या मुलीने विचारलं, काका, अर्जंट आहे का. म्हटलं, राष्ट्राचं आहे.

२४ फेब्रुवारी
व्हिडिओ कॉल. ओवी भिंतीला धरून उभी राहते! मी किती हाका मारल्या. ती दुसरीकडेच बघत होती. अपूर्वा म्हणाली, बाबा, फोन खाली करा, तिला तुमचं फक्त कपाळ दिसतंय. वर्षभर म्हणे कपाळच दिसतंय. आधी सांगायला काय झालं होतं?
फोन खाली केला तर रेंज गेली.

५ मार्च
आज रेल्वेचे साहेब पाहणीला येणार होते, खोरवाडीत प्रवासी आहेत का ते बघायला. म्हटलं, आहेत म्हणजे काय, उतू चाललेत! प्लॅटफॉर्मवरचं गवत काढलं. गावात सांगितलं, दहाला पिशवी घेऊन या, प्रवाशासारखं उभं राहायचं, मिसळ माझ्याकडून. साठ माणसं आली. गर्दी बघून मला भरून आलं.
साहेब आले तीन वाजता. तोवर मिसळ संपली, माणसं संपली. प्लॅटफॉर्मवर मी, आकाराम, सात शेळ्या आणि शेळ्यांची मालकीण रंगुबाई. साहेबांनी नेमकं तिलाच विचारलं, आजी, गाडी थांबली तर जाल का? म्हातारी म्हणाली, कशाला जाऊ? यष्टी दारात हुबी ऱ्हाती, बायांना हाफ तिकीट हाय. मी लय खुणा केल्या. तिला मोतीबिंदू आहे, दिसल्या नाहीत.
साहेबांनी लिहून घेतलं. रंगुबाईला एसटीने फितवली असावी.

१८ मार्च
दिल्लीचं उत्तर. एक ओळ. आपल्या निवेदनाची नोंद घेण्यात आली आहे.
नोंद घेतली! चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचलं तेव्हा आठवलं, मी स्वतः छत्तीस वर्षं लोकांना हेच वाक्य पाठवत होतो. पाठवलं की फाईल कपाटात.
बावीस दिवस उरले.

१९ मार्च
दिवसभर गादीवर. आंघोळ नाही. समितीची बैठक होती, गेलो नाही. आकाराम एकटाच बसून बैठक तहकूब करून आला म्हणे. भाकरी घेऊन आला. म्हणाला, भाऊसाहेब, संगट येतो, उद्याच्याला सांगलीची यष्टी धरू. कोण इचारतंय तुमची प्रतिज्ञा?
कोण विचारतंय म्हणजे? गाव विचारतंय! पेपरात आलंय! ओरडलोच त्याच्यावर. तो गेल्यावर घर इतकं गप्प झालं की मी टीव्हीवर शेतीच्या बातम्या लावून ठेवल्या. मला शेती नाही.

२७ मार्च
झालं! झालं! झालं!
पत्र आलं. सह्या, शिक्का, सगळं. खोरवाडीस प्रायोगिक तत्त्वावर तीन महिने थांबा. वेळ सकाळी ११.१०. अवधी एक मिनिट. आणि सुरुवात कधी? ९ एप्रिल! मी अधोरेखित केलं होतं. कोण म्हणतं वाचत नाहीत?
आकारामने पत्र नीट वाचून शंका काढली. थांबा फक्त सांगलीकडे जाताना आहे, येताना गाडी थांबणार नाही. मग गेल्यालं मानूस म्हागारी कसं यायचं? म्हटलं, जाण्याचा प्रश्न सुटला ना? येणं हा टप्पा दोन.
शकुंतलेला फोन केला. परत सांगा, म्हणाली. मग हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. म्हणाली, मी ओवीला घेऊन स्टेशनवर येते, नवं झबलं घालते तिला. आता तरी नक्की ना? मी म्हटलं, बाई, शिक्का आहे पत्रावर.

८ एप्रिल
तयारी पूर्ण. इंजिनाला झेंडूचा हार, ड्रायव्हरला शाल-नारळ, बँजो पार्टी. भाषण अडीच पानांचं. एक मिनिटात बसवण्यासाठी तीन वेळा कापलं, आता सव्वादोन पानं आहे. पुन्हा वाढलं थोडं, आभार राहिले होते.
निळी बॅग भरली. वाळे, बाहुली, शकुंतलेला आवडतात म्हणून पेठेतले कंदी पेढे.
पहिलं तिकीट मीच काढणार. प्रवास झाला की फ्रेम करायचं.

९ एप्रिल, सकाळी ८
ओवीचा वाढदिवस. आज आजोबा येतो गं बाळा! साडेदहाला तिकीट, ११.१० ला गाडी, दीडला सांगली. जेवायला सगळे एकत्र. इतकं सोपं होतं!

दुपारी १२
आता नको. नंतर लिहितो.

दुपारी ४
लिहितो. लिहिलंच पाहिजे.
गाडी आली. वेळेवर आली. थांबली! मी पुढे धावलो, इंजिनाला हार घातला, ड्रायव्हरला शाल दिली. बँजो सुरू. लोक रुळापर्यंत उतरले. माईक हातात आला. आकाराम बॅग डब्यात ठेवून ओरडत होता, चढा! चढा! मी हाताने थांब म्हटलं. आभार चालू होते. पृथ्वीराज मंडपवाल्याचं नाव राहिलं असतं तर तो वर्षभर बोलला नसता.
शिट्टी झाली. मला वाटलं, बँजोतली.
डोळ्यांदेखत गाडी हलली. धावलो. गुडघ्याने साथ दिली नाही. डब्याच्या दारात रंगुबाई उभी होती, मिरजेला डोळ्याच्या डॉक्टरकडे निघालेली. गाडीत बसून तर बघू म्हणून आली होती. माझी निळी बॅग तिच्या पायाशी. हात हलवत होती. तिला वाटलं, मी निरोप द्यायला धावतोय.
तिकीट माझ्या खिशात. क्रमांक एक.

संध्याकाळी ७
शकुंतलेचा फोन. ओवीला काखेत घेऊन ती प्रत्येक डब्यापाशी गेली. इंजिनापासून शेवटपर्यंत आणि परत. रंगुबाईने खिडकीतून बॅग दिली आणि सांगितलं, भाऊसाहेब भाषान करत्यात.
मी समजावून सांगायला लागलो, आभार, पृथ्वीराज, बँजो. ती मधेच म्हणाली, वाळे ओवीच्या पायात जात नाहीत. टाचेपाशीच अडकतात. ते बारशाच्या मापाचे आहेत हो.
आणि फोन ठेवला. रागावून नाही ठेवला. हळू ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं.
देवा, मी काय केलं हे.

१० एप्रिल
हरकत नाही. गाडी रोज आहे, तीन महिने आहे. वाढदिवस काय, तिथीनेही करता येतो. आज भाषण नाही, हार नाही, माणसं नाहीत. मी दहालाच जाऊन प्लॅटफॉर्मच्या कडेला उभा राहिलो.
११.१० ला गाडी आली. थांबली नाही.
हात केला. दोन्ही हात केले. कालचाच ड्रायव्हर होता. त्याने ओळखलं, मानही हलवली.
दुपारी निरोप आला. काल रुळावरच्या गर्दीने गाडी नऊ मिनिटं अडकली, मागे दोन गाड्या खोळंबल्या. सुरक्षेच्या कारणास्तव थांबा पुढील आदेशापर्यंत स्थगित. पुढील आदेश म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको.
आकारामने चहाचा कप पुढे सरकवला. मग म्हणाला, भाऊसाहेब, हार कशाला घालायचा? चढायचं व्हतं.

१२ एप्रिल, सांगली
एसटीने आलो.
कंडक्टर गावातलाच निघाला, आकारामचा पुतण्या प्रथमेश. आवं भाऊसाहेब, तुमी? यष्टीत? असं म्हणून बघतच राहिला. मी म्हटलं, प्रायोगिक तत्त्वावर. त्याने ज्येष्ठ नागरिकाचं हाफ तिकीट फाडलं. आणखी कोणी काही विचारलं नाही. मागच्या सीटवर गावची चार माणसं होती, ती उसाच्या दरावर बोलत होती. प्रतिज्ञा कोणाच्या लक्षातच नव्हती.
सव्वादोन तास लागले. मधे चहाला गाडी थांबली ते धरून.
शकुंतलेने दार उघडलं. बारीक झालीय. म्हणाली, या, पाणी तापलंय, हातपाय धुवा. मी म्हटलं, न्यायला आलोय. ती म्हणाली, गेल्या दिवाळीपासून बॅग भरून ठेवली होती, तुम्ही याल म्हणून. परवा रिकामी केली.
जेवण झालं. ओवीसमोर जाऊन बसलो. पूर्ण चेहरा दाखवला. तिने एकदा बघितलं आणि भोकाड पसरलं, आजीच्या खांद्यात तोंड खुपसलं. बाहुली फेकली. शकुंतला म्हणाली, होईल सवय.
घर रुळाच्या जवळ आहे. तेवढ्यात लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली. ओवीचं रडणं एकदम थांबलं. डोळ्यांत पाणी तसंच, आणि टाळ्या वाजवायला लागली. मी विचारलं, हे काय? अपूर्वा म्हणाली, आईने शिकवलंय तिला. गाडी वाजली की आई म्हणते, आजोबा आले, आजोबा आले.
मी तिच्या समोरच बसलो होतो. ती टाळ्या वाजवत दाराकडे बघत होती.