खणातला फोन

माय, तुझा नंबर अजून चालू आहे. तुला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी मी दर महिन्याला त्याचं रिचार्ज मारते आणि तुझा तो जुना बटणांचा फोन आरोग्य उपकेंद्रातल्या टेबलाच्या खणात सांभाळते. करणार काय? मोलगीच्या वरच्या पाड्यांत बायकांकडे फोन नव्हते आणि गरोदरपणाच्या नोंदणीला नंबर तर हवाच होता, तेव्हा तू प्रत्येकीपुढे आपलाच नंबर लिहून मोकळी झालीस. तुझ्या जागी नर्स म्हणून मी आले आणि तेच चालू ठेवलं. कागदोपत्री सहा पाड्यांच्या बायका अजून तुझ्याच फोनवर राहतात.

एक दिवस राहून राहून आठवतो. मी नर्सिंगला होते, सुट्टीत तुझ्यामागे पाड्यावर आले होते. चुलीशी बसलेल्या गरोदर बाईला लांबूनच बघून मी रजिस्टरमध्ये ‘सूज नाही’ लिहिते. तू माझ्या हातातलं पेन काढून घेतेस. “पायले हात लाव, मंग लिख. कागदले काय सूज येस?” चारचौघींत बोललीस म्हणून मी दोन दिवस अबोला धरला होता. अजूनही आठवलं की कान गरम होतात.

आता डॉक्टर टॅबवर दिसतात. ते लांब शहरात, बाई माझ्यासमोर. ते तपासतात ते माझ्याच हातांनी. मागच्या बाजाराच्या दिवशी सात महिन्यांची गरोदर पोर सासूबरोबर आली. डोकं जड झालंय म्हणाली. रस्त्यावर जीप उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, सासूला मोलगीचा बाजार गाठायचाय. बीपीच्या पट्ट्यातून हवा गळत होती. मी मागच्या महिन्याचेच आकडे सांगितले. “पायांवर सूज?” डॉक्टरांनी विचारलं. लुगडं घोट्यापर्यंत होतं. मी म्हटलं, “नाही सर.” त्यांनी डोकेदुखीची गोळी लिहून दिली आणि दोघी निघाल्या.

पाच मिनिटांत टॅब पुन्हा वाजला. तपासणी झाली की नोंदवलेल्या नंबरवर आपोआप फोन जातो : बरं असेल तर एक दाबा, त्रास असेल तर दोन. आपल्या बायकांचा तो फोन तुझ्याकडे येतो आणि मी न ऐकताच एक दाबते.

“सिस्टर, पेशंटने दोन दाबलंय,” डॉक्टर म्हणाले. “तीन वेळा. पाय पुन्हा बघता का?”

खण माझ्या गुडघ्याला लागून होता. काहीच वाजलं नव्हतं. उघडला, तर फोन बंद. रविवारपासून चार्जिंगला लावायलाच विसरले होते. बटण दाबून धरलं तरी पडदा काळाच. पण फोन कोमट होता, नुकताच कोणीतरी कानावरून खाली ठेवल्यासारखा. मी घाबरले माय, खोटं कशाला बोलू. मागे वळून बघायचंही धाडस झालं नाही.

मग धावत सुटले. जीप वळणावर सवाऱ्या भरत थांबली होती, तिथे गाठली, पोरीचं लुगडं वर सारलं, नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. त्याच जीपने तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. बीपी फार चढलं होतं, दारातच तिला फिट आली. ती वाचली, त्याच रात्री सातव्या महिन्यात जन्मलेली तिची मुलगीही वाचली. बाजार करून परत वर आली असती, तर दोघी हाती लागल्या नसत्या.

आता सगळे माझं कौतुक करतात. दोन कोणी दाबलं विचारलं की मी म्हणते, मीच. बीपीचे आकडे मी न मोजताच, मागच्या महिन्याचे सांगितले होते, हे अजून कोणाला कळलेलं नाही. तुला सांगायची गरजच पडली नाही.

हे सगळं मेसेजमध्ये लिहिलंय, वर तुझा नंबर आहे. पाठवणार नाही. आता मी प्रत्येकीच्या पायाला हात लावते. तुझा फोनही रोज न चुकता चार्जिंगला लावते. सगळ्यांना वाटतं, आईची आठवण म्हणून. खरं सांगू? तो बंद पडला तर तू पुन्हा बोलशील, याची मला भीती वाटते.