तिसरी तळटीप

हिंगोली,
१४ नोव्हेंबर

प्रिय अनिरुद्ध,

सात वर्षांनी माझं हस्ताक्षर पाहून तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, हे मी गृहीत धरलं आहे. तरी लिहिते. ईमेल माणसं उडत उडत वाचतात, आणि हे तसं वाचण्याजोगं नाही.

संस्थेच्या संचालकपदासाठी माझं नाव पुढे गेलं आहे. निवड समितीने माझ्या शोधनिबंधांची यादी मागितली, आणि इतर संशोधकांनी त्यांचा उल्लेख किती वेळा केला तेही. बाकीचे उमेदवार आकडा लिहून मोकळे झाले. मला तो गबाळेपणा जमत नाही. तुझ्यामाझ्या निबंधाचे उल्लेख तीनशे बारा, माझ्या साऱ्या कारकिर्दीत सर्वाधिक. ते तीनशे बाराही निबंध मी वाचून काढले.

त्यांतल्या त्रेसष्टांना आपल्या निष्कर्षाशी काहीच कर्तव्य नाही. त्यांनी आधार घेतला आहे तो फक्त तिसऱ्या तळटीपेचा: 'एका सहभागी व्यक्तीची नोंद घड्याळातील दोषामुळे वगळली.' कुणी फिनलंडचे, कुणी चिलीचे. एकमेकांना न ओळखणारे. प्रत्येकाने एकच माणूस वगळला आहे, आणि कारण दरवेळी घड्याळ. चौघांना मी पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं. त्याचं घड्याळ बरोबर होतं. आपला दाखला छापलेला होता म्हणून त्याला नोंद वगळण्याचा धीर झाला.

हळदीच्या बाजारामागची ती भाड्याची खोली तू विसरला नसशील. डोक्याला लावायच्या तारांच्या टोकांवर रोज पिवळी पूड बसायची आणि तू ती स्पिरिटने पुसायचास. संगणक वाटेल तेव्हा कानात एक टिंग वाजवी, आणि त्यानंतर मेंदूतली लाट उसळे. सिद्धेश्वरच्या आशाबाईंची लाट मात्र आवाजाच्या आधी उसळत होती. आवाजाची आणि लाटेची वेळ नोंदणारं घड्याळ तू तीनदा तपासून ते बिनचूक असल्याचं सांगितलंस. शिकलेल्या डोळ्याला दोष पुराव्याशिवाय दिसतो, असं काहीतरी बोलून मी ती तळटीप एका बैठकीत लिहिली. महिन्याभरात तू राजीनामा दिलास, आणि मी चारचौघांत त्याला भित्रेपणा म्हटलं.

काल वारंगा फाट्यावरून जीप करून धरणाजवळच्या सिद्धेश्वरला गेले. कुणालाही कळवलं नव्हतं. आशाबाई ओसरीवर बसल्या होत्या; समोर दोन कपबशा, चहा नुकताच गाळलेला. त्यांचा मुलगा विश्वंभर हसत होता. पाहुणा धरणाच्या रस्त्याला लागला की म्हातारी आधण ठेवते, घरात कुणाला त्याचं नवल उरलेलं नाही, असं तो म्हणाला. वर, एवढी साधी गोष्ट कळायला मॅडमच्या मशीनला सात वर्षं काहून लागली, हेही विचारून घेतलं.

या खेपेला मी तीन स्वतंत्र घड्याळं नेली होती. तिन्ही जुळत होती. पन्नास आवाज, आणि पन्नासही वेळा लाट आधी. मग संगणक बाजूला सारून आवाजाची कळ स्वतःच्या हातात घेतली. आता वाजवायचं नाही, असं मनाशीच ठरवलं. लाट उसळली नाही. पुन्हा तसंच ठरवलं, आणि ऐन वेळी मन बदलून कळ दाबली. नोंद पाहिली. मी मन बदलण्याच्या आधीच लाट येऊन गेली होती. त्यानंतर बराच वेळ मला माझा हात माझा वाटेना.

डोक्यावरच्या तारा सोडवताना आशाबाई शांतपणे म्हणाल्या, "तवा बी समदं बराबरच होतं, बाई. तुमी भेल्या."

सोबत दुरुस्तीचं निवेदन आहे. घड्याळात दोष नव्हता, सहलेखकाने हरकत घेतली होती, आणि नोंद मी जाणूनबुजून वगळली, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. ते छापायला दोघांच्या सह्या लागतात. छापून आलं की संचालकपद गेलं, हे मी जाणते. पण मग त्या त्रेसष्ट जणांना आपापली वगळलेली माणसं बाहेर काढावी लागतील, आणि त्यातून काय निघेल याचा मला अंदाज करवत नाही. म्हणून हे पत्र; मला तुझी सही हवी आहे. तू ती देशील का, हे निघताना आशाबाईंना विचारायचा मोह झाला होता. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी मान हलवायला सुरुवात केली. ती होकाराची की नकाराची, हे दिसायच्या आत मी पाठ फिरवून जीपमध्ये जाऊन बसले.

तुझीच, त्या निबंधावर अजून पहिल्या नावाने असलेली,
संपदा