पहिल्या ठोक्याची मालकी

मी, लॅसेल्स ऑगस्टस पिनॉक, वय वर्षे शहात्तर, धंदा बास गिटार वाजवणे, राहणार फ्रँकलिन टाऊन, किंग्स्टन, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दाबाखाली न येता लिहून ठेवीत आहे. डॉक्टरांनी फुप्फुसाबद्दल जे सांगायचे ते सांगून झाले आहे. डोके शाबूत आहे. कान तर या गल्लीतल्या सगळ्यांचे मिळून होतील त्यापेक्षा शाबूत आहेत. यापूर्वीची माझी दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केली होती. राग अजून तोच आहे, पण या वेळी वकीलबाई मिस डॉसन समोर बसल्या आहेत.

घाईचे कारण असे. १९७६ साली ज्या स्टुडिओत आम्ही ती बासची चाल वाजवली, त्याच्या भिंतीवर पुढच्या महिन्यात पाटी लागणार आहे. चाल बांधली कोणी, ते नाव तिच्यावर कोरायचे आहे. त्या एका चालीवर आजवर साठ-सत्तर गाणी झाली. आमच्याकडे रीतच तशी. चाल एकदा बसली की तोंड असलेला प्रत्येक जण तिच्यावर गाऊन जातो. मी म्हणतो पाटीवर नाव माझे. ड्रमवाला ऑल्विन टुलॉक रेडिओवर जाऊन म्हणाला, त्याचे. त्या दिवसापासून बावीस वर्षे मी त्याच्याशी एक शब्द बोललेलो नाही, दर शनिवारी त्याच्या शेजारी उभा राहून वाजवत आलो तरी. हा वादही याच कागदात मिटवायचा आहे.

कलम १. राहते घर माझी धाकटी बहीण आयोनी हिला द्यावे. चाळीस वर्षे ती मला "दादा, आता तरी एखादी नोकरी बघ" म्हणत आली, आणि चाळीस वर्षे रविवारचे जेवणही तिनेच वाढले. दोन्हींची परतफेड या घराने व्हावी.

कलम २. कपाटाएवढा स्पीकर आणि काचेच्या दिव्यांचा अँप्लिफायर कोपऱ्यावरच्या चर्चला. तिथला बासवाला प्लास्टिकच्या तुकड्याने तारा खरवडतो. देवाला बिचाऱ्याला पत्र्यावर खडे पडल्यासारखे ऐकू येत असणार. अंगठा कशासाठी दिला आहे, हे त्याला पाद्रीसाहेबांनी एकदा समजावून सांगावे.

कलम ३. आयोनीचा मुलगा ओशेन, मुक्काम फ्लोरिडा. याच्याकडे सहा तारांचा बास आहे, त्या बासच्या पोटात बॅटरी आहे आणि याच्या पायाखाली आवाज बदलणारी नऊ पेडलं आहेत. तो तारांच्या थोबाडीत मारतो आणि त्याला वादन म्हणतो. माझ्या सत्तरीला हा घरी आला आणि मी आंघोळीला गेलो असताना माझ्या बासच्या चारही तारा काढून नव्याकोऱ्या चढवल्या. वर म्हणतो कसा, "मामा, सरप्राइज. जुन्या पार मेल्या होत्या."

त्या तारा मी १९७४ साली चढवल्या होत्या. चपट्या, गुळगुळीत, घाम आणि तेल पिऊन मुरलेल्या. मेलेल्याच हव्या असतात. तार जिवंत असली की ती स्वतःच बडबडते, गाणाऱ्याला बोलू देत नाही. मी टॉवेल गुंडाळून रस्त्यावरच्या कचऱ्याच्या पिंपात हात घातला, माशाच्या काट्यांखालून चारही शोधून काढल्या आणि त्याच दुपारी परत चढवल्या. ओशेन दारात उभा राहून म्हणाला, "मामा, तू वेडा आहेस." त्याच्या त्या नव्या तारा पाकिटात ठेवल्या आहेत. त्या त्यालाच द्याव्यात. बाकी काही देऊ नये.

कलम ४. माँटेगो बेच्या ज्या हॉटेलवाल्याला माझा बास जेवणघराच्या भिंतीवर टांगायचा आहे, त्याला खिळाही देऊ नये.

कलम ५. आता खुद्द बास. चार तारा, शेवटाशी तारांखाली आवाज दबावा म्हणून भांडी घासायच्या स्पंजची पट्टी, आणि आवाज चरचरीत करणारे बटण मी शून्यावर ठेवून पक्कडीने तोडून टाकलेले आहे. तो ऑल्विन टुलॉक यास द्यावा. त्याला बास वाजवता येत नाही, हीच त्याची लायकी. तो तारा बदलणार नाही, स्पंज काढणार नाही, तोडलेल्या बटणाला हात लावणार नाही. शिवाय त्या बासचा आवाज कसा हवा, हे माझ्यानंतर ठाऊक असलेला हा एकच माणूस शिल्लक आहे, दुर्दैवाने.

कलम ६. पाटीबद्दल. माझ्या चालीत पहिला ठोका रिकामा आहे. ड्रम सुरू होतो आणि बास एक ठोका मागून येतो, अगदी शेवटपर्यंत. जगभरचे लोक ती जागा ऐकून माना डोलावतात. मी ती मुद्दाम सोडली असे मी आयुष्यभर सांगितले, आणि जो कोणी ती भरून वाजवी त्याला चारचौघांत गाढव म्हणालो. खरे असे की वादन सुरू करायला ऑल्विनने आकडे मोजले तेव्हा माझ्या तोंडात बन आणि चीज होते. मी घास गिळेपर्यंत ठोका निघून गेला. मी उशिरा शिरलो आणि लाजेपायी तसाच वाजवत राहिलो. मला त्रेचाळीस वर्षे या गोष्टीची शरम वाटली आहे. सबब पाटीवर माझे नाव कोरू नये. ऑल्विनचे कोरावे.

सही करण्यापूर्वी मिस डॉसन यांनी कलम ५ आणि ६ ऑल्विनला बोलावून वाचून दाखवले. तो पुढे जे बोलला ते इथे जसेच्या तसे उतरवून घ्यावे, असे मी त्यांना सांगितले.

ऑल्विन म्हणाला, "तू उशिरा नव्हता आलास, लॅसेल्स. मी चार मोजायचे ते तीनच मोजले आणि सुरू झालो. तू चौथ्यासाठी थांबलास. बरोबर तूच होतास."

मी म्हणालो, "मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"बोलणारच होतो. तर तू बाहेर जाऊन सांगायला लागलास, म्हणे मुद्दाम जागा सोडली. एवढा मोठा कलावंत झालास. मग मीही म्हटलं, जागा जर कलेची असेल, तर ती माझी."

मला त्याचा संताप आला, आणि इतके हलके वाटले की बराच वेळ खोकला आवरेना. पाणी त्यानेच दिले.

कलम ७. कलम ६ मधील पाटीवरच्या नावाची शेवटची दोन वाक्ये रद्द. पाटी लागेल तेवढी मोठी करावी आणि दोन्ही नावे कोरावीत. टुलॉकचे आधी, कारण चूक आधी त्याने केली.

सही: लॅसेल्स ऑगस्टस पिनॉक
आम्हा दोघांच्या समोर, त्याच्या स्वतःच्या हाताने:
१. हायसिंथ मॅकफर्लेन, शेजारीण, निवृत्त परिचारिका
२. एव्हर्टन गेल, टपालवाला
(ऑल्विन टुलॉक वारस असल्याने त्याची साक्ष घेतलेली नाही. तो खाटेजवळ बसून आहे.)
किंग्स्टन, दिनांक १४ मार्च २०१९