कमळाला झालेली बाधा

मु. दहिवली, कर्जत

ती. अंबूआत्यांच्या पायांशी मालोजीचा वाकून नमस्कार.

तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं आणि डोळ्यावरची पट्टीही निघाली, हे ऐकून बरं वाटलं. डॉक्टरांनी वाकायला आणि शिंकायला मनाई केली आहे म्हणे. वाकण्याचं समजू शकतो, शिंकेचं त्यांनी जरा जास्तच मागितलं. फोनवर तुम्हाला माझं ऐकू येत नाही आणि तुमच्या भाच्याचं, हरेशरावांचं, बरोबर येतं (त्यांचा आवाज शेतावर वाढलेला आहे). त्यामुळे त्यांच्या हर्षलाच्या लग्नाची हकिगत तुमच्यापर्यंत एकाच बाजूने पोचली असणार. दुसरी बाजू मोठ्या अक्षरांत लिहितो आहे, दमादमाने वाचा.

एकुलती मुलगी, तेव्हा हरेशरावांनी चौक गावी हायवेलगतच्या भाताच्या खाचरात भलामोठा मांडव घातला होता. हल्ली नवरानवरीने चालत मांडवात येणं कमीपणाचं समजतात. कुठल्याशा लग्नात हरेशरावांनी जोडपं कमळात बसून वरून उतरताना पाहिलं होतं, म्हणून त्यांनी गॅरेजवाल्या दत्ताकडून लोखंडी कमळ करून घेतलं. पाकळ्या पत्र्याच्या, रंग गुलाबी, आत सोफ्याची गादी, आणि उचलायला हायड्रा क्रेन (आदल्या दिवशीच तिने घाटात कलंडलेला टँकर उचलला होता; टँकरवाल्याने पूजा केलेलं कुंकू तिच्या हुकावर तसंच होतं).

मी खालापूरच्या कारखान्यात वेल्डिंगचे जोड तपासतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. या कामाची सवय वाईट. विनिता सगळ्यांना सांगते, की यांना नवरी दाखवली तर हे तिचं बाशिंग कुठे जोडलंय ते बघतील. मुहूर्ताला अवकाश होता, म्हणून मी कमळाभोवती एक चक्कर मारली. जोड अतिशय देखणे होते, दत्ताच्या हाताला नाव ठेवायला जागा नाही. पण साखळ्या अडकवायचे कान त्याने ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचे केले होते, आणि एका कानाच्या जोडाशेजारी, रंगाखाली, केसाएवढी रेघ दिसत होती.

आत्या, थोडक्यात सांगतो (विनिता म्हणते, मला थोडक्यात येत नाही). वेल्डिंग करताना लोखंड जिथे वितळतं तिथे जोड बसतो. त्याच्या कडेची पट्टी मात्र वितळत नाही, नुसती होरपळते, आणि निवताना तिचा स्वभाव बदलतो. साध्या लोखंडाचं त्यात फारसं बिघडत नाही. पाट्याचं पोलाद मात्र तापवून झटकन गार केलं, की काचेसारखं कडक आणि काचेसारखंच ठिसूळ होतं. रंगाची घाई होती, म्हणून दत्ताने गरम जोडांवर बादलीभर पाणी ओतलं होतं (हे त्यानेच कौतुकाने सांगितलं).

मी हरेशरावांना बाजूला घेतलं. ते फेटा सावरत म्हणाले, "दाजी, जोड तुटंल का? एवढंच सांगा."

"जोड नाही तुटणार. त्याच्या शेजारी तुटेल."

"मंग जोडाचं काय बिघडलंय? शेजाऱ्याशी आपल्याला काय करायचंय?"

तेव्हा मी पुस्तकातला शब्द काढला: उष्णताबाधित क्षेत्र. घोटाळा इथे झाला. शेजारीच हरेशरावांच्या सासूबाई, पारूबाई, पानाला चुना लावत बसल्या होत्या. त्यांनी यातलं नेमकं "बाधित" तेवढं उचललं. "बाधा झालीया? कमळाला?" असं त्यांनी जे विचारलं, ते स्वयंपाकाच्या मांडवापर्यंत गेलं. पाहता पाहता मीठमोहरी ओवाळून झाली, आणि मी बोट दाखवलं होतं त्याच कानावर लिंबूमिरची बांधण्यात आली. त्यामुळे रेघ दिसेनाशी झाली. दत्ता तर दुखावलाच. "माज्या कामात भूत हाय म्हनता?" म्हणून तो गाडीत जाऊन बसला. हरेशराव मला म्हणाले, "दाजी, पोरीच्या लग्नात अभद्र बोलू नका. जेवा आणि गप ऱ्हावा."

मी गप्प राहिलो असतो, असं वाटतं. पण हर्षला नटून कमळाजवळ आली आणि गादी मऊ आहे का ते हाताने दाबून बघू लागली. मी कमळाच्या पुढ्यात उभा राहिलो आणि हललो नाही. चार माणसं मला उचलायच्या बेतात असताना विनिता मध्ये आली.

"दादा, पोरं बसायच्या आधी तांदळाची पोती चढव. नाय तुटलं, तर यांना मी सोता घरी घेऊन जाते."

ही अट हरेशरावांना पसंत पडली. आचाऱ्याकडची पोती चढवली, लोकांना मागे सारलं, हायड्रा घुरघुरली आणि कमळ वर गेलं. मांडवाच्या छताशी पोचलं तशी पाठीमागून टाळ्या पडल्या. हरेशरावांनी माझ्याकडे वळून पाहिलं. ते अजून पाहत असतानाच कडाड् आवाज झाला, कमळ एका अंगाला झुकलं आणि पोती निसटली. एक डीजेच्या खोक्यावर बसलं (संगीत तिथेच संपलं), बाकीची मांडवाच्या कमानीच्या टोकांवर फाटली आणि सगळ्या मांडवात तांदूळ उडाला. मागच्या लोकांना वाटलं मुहूर्त लागला. त्यांनी हातातल्या अक्षता टाकल्या आणि जेवणाकडे धावले. त्यांना परत आणता आलं नाही.

कोणाला खरचटलंसुद्धा नाही. हरेशराव मात्र फेटा काढून खाली मातीतच बसले. हर्षलाने त्यांना पाणी पाजलं, उठवलं आणि म्हणाली, "बाबा, चला, चालत जाऊ." मग माझ्याकडे बघून, "आतोबा, तुमीपन चला." तिच्या एका हाताला ते, दुसऱ्या हाताला मी, असे आम्ही तांदूळ तुडवत गेलो. वाटेत मी एकाही जोडाकडे पाहिलं नाही, ही गोष्ट विनितानेही मान्य केली आहे.

तब्येतीला जपा.

आपला,
मालोजी

ता.क. तुमच्या कानावर येईलच, म्हणून आधीच कळवतो. मी दाखवलेला कान डावा होता. तुटला तो समोरचा, उजवा. लिंबू बांधलेला कान शाबूत राहिला, आणि पारूबाई हे अख्ख्या चौक गावात सांगत आहेत.

ता.क. २. आता खरं काम. लग्नापासून विनिता माहेरीच आहे. माझ्यावर रागावली असणार. मी कसं विचारू? तुमचा शब्द ती मोडत नाही. तेवढं तिला समजावून घरी पाठवा. भात मला जमतो, पण आमटीचं काही खरं नाही.

ता.क. ३. आत्या, मी विनिता. आत्ताच आले, पत्र टेबलावर उघडंच होतं. मी कुणावर रागावलेली नाही. हर्षलाची पाठवणी करून पाहुणे निघेपर्यंत दादाकडे राहते, असं मी यांना तोंडावर सांगितलं होतं. हे "हो" म्हणाले. तेव्हा ते मांडवामागच्या पाण्याच्या टाकीचा जोड बघत होते.