ढेकूण नव्हेत, कांजिण्या

सोमवार, दुपारचे सव्वादोन, स्वयंपाकघराचा ओटा.

तू कचेरीतून परत येशील तेव्हा मी छापखान्यामागच्या रिकाम्या खोलीत असेन. माझ्या पाठीवरचे फोड ढेकणांचे नसून कांजिण्यांचेच आहेत. दोन दिवस मी तुझे म्हणणे खोडून काढले, वर माझ्या चादरी तुलाच धुवायला लावल्या. एकही ढेकूण सापडला नाही, तरी हटलो नाही. क्षमा कर. तुला सातवा महिना, आणि लहानपणी तुला कांजिण्या आल्या होत्या की गोवर, हे आपल्याला ठाऊक नाही. तुझ्या आईंना आधी फोन करून विचार. खिडक्या उघड्याच असू देत.

डॉक्टरीणबाईंपुढेही मी ढेकणांचीच बाजू लढवली. त्या म्हणाल्या, “तुमचे ढेकूण राहू द्या. बायकोचं रक्त आजच तपासून घ्या, आणि सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत घरात पाऊल टाकू नका.”